कझाक कलेचा आत्मशोध

व्हेनिस येथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात स्थान मिळणे हा कलाजगतात मोठा मान समजला जातो. २०२४ साली भरलेल्या साठाव्या प्रदर्शनात कझाकस्तानने आपले राष्ट्रीय दालन मांडले होते. या देशाचे स्वतंत्र दालन तेथे प्रथम आले ते २०२२ मध्ये. त्यापूर्वी २००५ साली मध्य आशियातील देशांनी मिळून एक संयुक्त दालन थाटले होते. २०२४ च्या दालनाचे नाव होते ‘जेरुयिक’. व्हेनिसच्या जुन्या नौदल संग्रहालयात कामिल मुल्लाशेव, साकेन नारिनोव, येर्बोलात तोलेपबाय, सर्गेई मास्लोव, अनवर मुसरेपोव अशा भिन्न पिढ्यांतील कलावंतांच्या कृती तेथे एकत्र आल्या होत्या. तेलाच्या विहिरींनी श्रीमंत झालेल्या या देशाने जगापुढे जाताना आपल्या ऐश्वर्याचा डौल मिरवला नाही. एका दुःखी भटक्याची जुनी कथा त्याने पुढे केली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

असान कायगी हा कझाक लोकपरंपरेतील कवी आणि तत्त्वचिंतक. ‘कायगी’ या शब्दाचा अर्थच दुःख. पंधराव्या शतकात कझाक खानशाहीची स्थापना झाली, त्या काळाशी त्याचे नाव जोडले जाते. या खानशाहीच्या उदयाची हकिगत ज्या ग्रंथावरून मुख्यतः कळते, तो ‘तारीख-ए-रशिदी’ हा ग्रंथ सोळाव्या शतकात काश्मीरवर सत्ता गाजवणाऱ्या मिर्झा हैदर दुघलातने लिहिला, हा भारताशी असलेला एक विस्मृत धागाही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्या लोकांची दैन्यावस्था पाहून व्यथित झालेला असान झेलमाया नावाच्या वायुवेगी उंटावर स्वार होऊन जेरुयिकच्या शोधात निघतो. जेरुयिक म्हणजे जेथे पाणी आटत नाही, कुरण सुकत नाही आणि माणसाला माणसाचे भय वाटत नाही असा प्रदेश. सुखाच्या दिवसांचे वर्णन कझाक भाषेत ‘मेंढीच्या पाठीवर चंडोल अंडी घालतो तो काळ’ असे करतात. मेंढी एवढी निर्धास्त, की तिच्या लोकरीत बसताना पाखरालाही धास्ती वाटू नये. असान सारा स्तेप पालथा घालतो, प्रत्येक नदीविषयी आणि डोंगराविषयी काही बरे-वाईट बोलतो आणि पुढे जातो. जेरुयिक त्याला सापडत नाही.

गेल्या तीन दशकांत कझाकस्तानातील समकालीन कलेची जी प्रदर्शने देशोदेशी भरली, त्यांतील बहुतेकांच्या निवेदनांत ‘आध्यात्मिक आशयाचा शोध’ हे शब्द या ना त्या रूपात येतात. आकाशदेव तेंग्री, मंत्रतंत्र जाणणारे बक्सी, सूफी संत, पूर्वजांचे आत्मे, स्तेपचे अथांगपण या गोष्टी त्या ओघाने आल्याच. साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो, की हा शोध खरा आहे, की नव्या राष्ट्राने आपल्या अंगावर चढवलेला हा एक शोभिवंत झगा आहे? या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येणार नाही. तथापि खरे आणि खोटे वेगळे करण्याची एक कसोटी या कलेच्या इतिहासातच आहे.

स्वप्नभूमीची किंमत

जेरुयिकचे आश्वासन कझाक लोकांना विसाव्या शतकात अनेकदा देण्यात आले. दुर्दैव असे, की प्रत्येक वेळी ती स्वप्नभूमी कोणाच्या तरी कुरणावरच उभारली गेली. १९३० च्या आसपास सोव्हिएत राजवटीने भटक्या पशुपालकांना सक्तीने एका जागी बसवले, त्यांची जनावरे सामूहिक शेतीसाठी काढून घेतली आणि मांस व धान्य यांची सक्तवसुली केली. त्यातून १९३० ते १९३३ या काळात जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे १५ लाख माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य कझाक होते; कझाक लोकसंख्येचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग त्यात नष्ट झाला. लाखो लोक सीमा ओलांडून परागंदा झाले. पुढे १९५४ मध्ये क्रुश्चेव्ह यांनी पडीक जमीन लागवडीखाली आणण्याची मोहीम सुरू केली आणि बाहेरून आलेल्यांचे लोंढे स्तेपमध्ये स्थिरावले. १९५९ च्या जनगणनेत कझाकांचे त्यांच्याच भूमीतील प्रमाण सुमारे ३० टक्के होते.

याच भूमीवर सेमीपालातिन्स्क येथे २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाच्या पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली आणि १९८९ पर्यंत तेथे एकूण ४५६ चाचण्या झाल्या. याच भूमीवरील बैकानूर तळावरून १९६१ मध्ये युरी गागारिन अंतराळात गेले आणि १९८४ मध्ये राकेश शर्माही तेथूनच झेपावले. कापसाच्या पिकासाठी नद्यांचे पाणी वळवल्यामुळे अरल समुद्र आटला, तोही या भूमीच्या कुशीतला. सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त आणि देखणी पुस्तके एके काळी मराठीतही येत असत. त्यांतून येथील वाचकाला कझाकस्तानची ओळख झाली ती गव्हाचे डोलते सागर आणि अग्निबाणांची झेप यांच्यापुरती. त्या गव्हाखाली काय पुरले गेले होते, याचा उल्लेख त्या पुस्तकांत असणे शक्य नव्हते.

किर्गिझ कादंबरीकार चिंगिझ ऐतमातोव यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘शतकाहून दीर्घ दिवस’ अशा आशयाच्या शीर्षकाच्या कादंबरीत हे दुःख फार मार्मिकपणे मांडले. कझाक स्तेपमधील एका रेल्वे थांब्यावरचा कामगार आपल्या मृत सोबत्याला वाडवडिलांच्या दफनभूमीत नेण्यास निघतो आणि वाटेत त्याला तारांचे कुंपण आडवे येते. दफनभूमी अंतराळतळाच्या हद्दीत गेलेली असते. कादंबरीतील हे कुंपण म्हणजे कझाक समाजाच्या विसाव्या शतकाचे सारच होय. माणूस चंद्राकडे पाहू लागला, परंतु आपल्या माणसाला मूठभर माती द्यायला त्याला जागा उरली नाही.

कझाक भाषेत एक म्हण आहे: मृतात्मा संतुष्ट झाल्याशिवाय जिवंतांची भरभराट होत नाही. पूर्वजांच्या आत्म्यांना तेथे ‘अरुआक’ म्हणतात. आजही अनेक घरांत शुक्रवारी तेलात ‘शेलपेक’ नावाच्या सात पातळ पोळ्या तळून, कुराणातील आयत म्हणून त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटतात आणि गेलेल्यांचे नाव घेतात. इस्लाम आणि त्याहून जुनी श्रद्धा या दोन्ही गोष्टी या साध्या आचारात एकजीव झालेल्या आहेत. अशा समाजातील लाखो माणसे दुष्काळात वाटेवर पडून मेली. त्यांना ना कबर मिळाली, ना कोणी त्यांच्यासाठी पोळ्या तळल्या. त्यांचे नाव घेणे हाच पुढे अनेक दशके अपराध होता. मदरसे आणि मशिदी बंद झाल्या. १९२९ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली आणि १९४० मध्ये लॅटिन जाऊन रशियन लिपी आली. आजोबांनी लिहिलेले पत्र नातवाला वाचता येईना. कझाक कलेतील ‘अध्यात्म’ या शब्दाचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. जिवंतांना मनःशांती देणारी ती एक साधना असेलही. परंतु मुळात ती मृतांच्या थकलेल्या देण्याची जाणीव आहे.

मुठीतील पोकळी

या कलेचा उगम शोधू गेल्यास वाट एका तुरुंगछावणीपाशी जाते. लेनिनग्राडमधील नवचित्रकलेचे प्रवर्तक काझिमिर मालेविच यांचे शिष्य व्लादिमिर स्तेर्लिगोव आणि चित्रकार व्हेरा येर्मोलायेवा यांना १९३४ मध्ये अटक झाली आणि दोघांची रवानगी करागंदाजवळच्या छावणीत झाली. येर्मोलायेवा यांना १९३७ मध्ये तेथेच गोळी घालण्यात आली. स्तेर्लिगोव वाचले. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी ताश्कंदमध्ये जन्मलेला आणि वास्तुशास्त्र शिकलेला एक तरुण त्यांच्याकडे शिकण्यास आला. त्याचे नाव रुस्तम खल्फिन. कैदी म्हणून स्तेपमध्ये आलेला विचार हा असा एका शिष्याच्या रूपाने पुन्हा स्तेपमध्ये परतला. १९४९ ते २००८ असे आयुष्य लाभलेले खल्फिन हे कझाकस्तानच्या समकालीन कलेचे आद्य पुरुष मानले जातात.

खल्फिन यांनी ‘पुलोता’ असा एक शब्द घडवला. हाताची मूठ सैलसर वळली, की आत जी पोकळी राहते ती पुलोता. रशियन भाषेतील रिक्तता आणि पूर्णता या दोन्ही शब्दांचे पडसाद त्यात ऐकू येतात. मातीचा ओला गोळा मुठीत दाबला, की त्या पोकळीला आकार मिळतो. हात काढून घेतला, की जे उरते ते हाताच्या आतल्या रिकामेपणाचे शिल्प असते. मोठमोठे पुतळे आणि चौकटीतली चित्रे यांना सरावलेल्या रसिकाला हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या देशात माणसे, लिपी, कळप आणि कबरी या साऱ्यांच्या जागी एक मोठी पोकळी राहिली, तेथे पोकळीलाच आकार देण्याची कल्पना सुचावी, यात केवळ बुद्धीची करामत नाही. पुढे खल्फिन यांनी अल्माटीत कच्च्या मातीची एक अवाढव्य मानवाकृती घडवली. भाजलेल्या मातीचा टिकाऊपणा तिला नव्हता आणि तिने टिकावे अशी अपेक्षाही नव्हती.

या विचाराचे मूळ कझाक स्त्रियांच्या हस्तकलेतही दिसते. ‘सिरमक’ नावाचे नमद्याचे आसन करताना दोन रंगांचे नमदे एकत्र कापतात आणि एकातून निघालेली नक्षी दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत बसवून शिवतात. एकाची पोकळी हेच दुसऱ्याचे भरलेपण ठरते. त्यात आकृती कोणती आणि पार्श्वभूमी कोणती हे सांगता येत नाही आणि कापडाचा तुकडाही वाया जात नाही. समकालीन कला ही युरोपातून आणलेली नक्कल आहे, मांडणशिल्पे आणि चित्रफिती यांचा कझाक परंपरेशी काय संबंध, असा आक्षेप तेथेही घेतला जातो. हा आक्षेप नीट पाहिल्यास उलटा आहे. भटक्यांच्या जीवनात चौकटीतल्या तैलचित्राला स्थान नव्हते. ते शाळा, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांच्याबरोबर आले. आबिलखान कास्तेयेव यांच्यासारख्या गुणी चित्रकाराने ते आत्मसात केले आणि त्यात प्राण ओतला, हे खरे. परंतु उंटावर लादून नेता येणारे घर, गाणे, वाद्य, विधी आणि अंगावरचे दागिने ही भटक्यांची खरी कला होती. घडते, अनुभवली जाते आणि नाहीशी होते अशी आजची कृतिप्रधान कला तैलचित्रापेक्षा या परंपरेला अधिक जवळची आहे.

लाल ट्रॅक्टर आणि कढई

दक्षिणेकडील शिमकेंत शहरात १९९० च्या सुमारास मोल्दाकुल नारिम्बेतोव, स्माईल बायालियेव, सईद अताबेकोव, विताली सिमाकोव आणि अरिस्तानबेक शालबायेव या कलावंतांचा एक गट उदयाला आला. या गटाने ‘किझिल ट्रॅक्टर’ म्हणजे ‘लाल ट्रॅक्टर’ हे नाव घेतले. ज्या यंत्राच्या चित्राने सामूहिक शेतीचा जयजयकार केला, तेच नाव धारण करून या मंडळींनी बक्सी आणि दरवेशी यांचे वेष चढवले, ढोल बडवले आणि चामडी, दोर, लाकूड, टाकाऊ टायर यांतून आपली शिल्पे उभारली. यात थट्टा आहे, तशीच तळमळही आहे. परंपरा ज्यांच्या हातातून हिसकावून घेतली गेली, त्यांना ती जशीच्या तशी परत मिळू शकत नाही. तिचे तुकडे गोळा करून, काही कल्पनेने भरून काढून, काहींवर स्वतःच हसून ती नव्याने रचावी लागते. या गटाने हा तुटलेपणा लपवला नाही, म्हणून त्याचा विधी खोटा वाटत नाही.

शिमकेंतपासून फार दूर नसलेल्या तुर्किस्तान शहरात बाराव्या शतकातील सूफी संत खोजा अहमद यासवी यांचा दर्गा आहे. अरबी-फारसीचा दबदबा असताना यासवींनी आपला उपदेश सामान्य तुर्की लोकांच्या बोलीत केला, ही गोष्ट संतवाङ्मयावर वाढलेल्या मराठी वाचकाला सहज उमगावी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तैमूरने त्यांच्या समाधीवर भव्य वास्तू बांधण्यास घेतली. १४०५ मध्ये तो मेला आणि वास्तू अपुरी राहिली ती राहिलीच. या दर्ग्यात सुमारे दोन टन वजनाची, १३९९ मध्ये ओतलेली धातूची कढई आहे. तिच्यातले पाणी भाविकांना वाटले जाई. १९३५ मध्ये ती प्रदर्शनासाठी लेनिनग्राडला नेण्यात आली आणि तेथील हर्मिटाज संग्रहालयातच राहिली. १९८९ मध्ये ती परत आली. चोपन्न वर्षे जी ‘कलावस्तू’ होती, ती पुन्हा श्रद्धेची वस्तू झाली. कढई तीच, नक्षी तीच; बदलले ते पाहणाऱ्याचे नाते. संग्रहालय आणि देवस्थान यांमधला हा प्रवास समकालीन कझाक कलेला रोज करावा लागतो आणि तिची बहुतेक दुविधा त्यातून उद्भवते.

या दुविधेचे उत्तम चित्रण स्त्री कलावंतांनी केले आहे. अल्मागुल मेनलिबायेवा यांच्या चित्रफितींत स्तेपच्या ओसाड पटावर स्त्रिया पुराणकथांतील प्राण्यांसारख्या वावरतात. ‘ट्रान्सऑक्सियाना ड्रीम्स’ या २०११ च्या चित्रफितीत आटलेल्या अरलच्या काठावरील एका कोळ्याची मुलगी आहे, तर ‘कुर्चातोव २२’ या २०१२ च्या कृतीत सेमीपालातिन्स्कच्या चाचणीक्षेत्राची भग्न वास्तू आणि तेथील माणसांच्या आठवणी आहेत. या चित्रफिती डोळ्यांना कधी कधी जरा जास्तच सुंदर वाटतात, अशी तक्रार करता येईल आणि ती अगदीच गैरलागू नाही. किरणोत्सर्गाने विटाळलेल्या मातीवर रेशमी वस्त्रे फडफडताना पाहून मन अस्वस्थ होते. पण ज्या भूमीकडे पाहण्याचेच लोकांनी सोडून दिले होते, तिच्याकडे त्यांनी पुन्हा पाहावयास लावले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

सौले सुलेमेनोवा यांचा मार्ग अधिक रांगडा आहे. बाजारहाटीच्या, वापरून फेकलेल्या प्लास्टिकच्या रंगीत पिशव्या चिकटवून त्या चित्र तयार करतात. रंग आणि कुंचला यांचा वापर नाही. ‘अवशिष्ट स्मृती’ या मालिकेत त्यांनी दुष्काळातील निर्वासित, छावण्यांतील कैदी आणि डिसेंबर १९८६ मध्ये अल्माटीच्या चौकात मॉस्कोच्या निर्णयाविरुद्ध उभे राहिलेले तरुण यांच्या जुन्या छायाचित्रांना या पिशव्यांतून पुन्हा रूप दिले. जी स्मृती सत्तेने कुजवू पाहिली, ती अशा वस्तूत बांधली गेली, की जी शेकडो वर्षे कुजणार नाही. या चित्रांत कोठेही बक्सी नाही, यर्ट नाही, तेंग्री नाही. तरीही त्या म्हणीतले मृतांचे देणे येथे फेडले जात आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

सोनेरी तळहात

मग धोका कोठे आहे? तो दोन बाजूंनी आहे. पहिला राज्यसत्तेकडून. स्वतंत्र कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानात, ‘बायतेरेक’ नावाचा मनोरा आहे. जीवनवृक्षाच्या टोकाशी समरूक पक्ष्याने घातलेले सोन्याचे अंडे, या लोककथेवर त्याची रचना आहे. राजधानी १९९७ मध्ये येथे आली म्हणून तिची निरीक्षणसज्जा ९७ मीटर उंचीवर ठेवली आहे. या सोनेरी गोलाच्या आत अध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव यांच्या तळहाताचा ठसा बसवण्यात आला. लोक रांगेने जाऊन त्या ठशावर हात ठेवत आणि मनातली इच्छा बोलून दाखवत. याच नगरीत २००६ मध्ये सर्व धर्मांच्या संवादासाठी काचेचा पिरॅमिड उभा राहिला. २०१७ मध्ये ‘रुखानी झांगिरू’, म्हणजे आध्यात्मिक नवोन्मेष, असा एक सरकारी कार्यक्रमच जाहीर झाला आणि २०१८ मध्ये लंडन, बर्लिन, जर्सी सिटी व सुवोन येथे भरलेल्या ‘फोकस कझाकस्तान’ या प्रदर्शनमालिकेला त्याच धोरणाचे पाठबळ लाभले.

सरकारने कलेला पैसा द्यावा, यात आक्षेपार्ह काही नाही. या प्रदर्शनांमुळेच अनेक उपेक्षित कलावंत जगापुढे आले. परंतु अध्यात्म हा सरकारी खात्याचा विषय झाला, की त्यातला प्रश्न गळून पडतो आणि नुसते उत्तर शिल्लक राहते. खल्फिन यांच्या मुठीतल्या मातीशेजारी तो सोनेरी ठसा ठेवून पाहावा. दोन्ही हाताच्याच खुणा. एक खूण कोणाच्याही हाताची असू शकते आणि ती आत एक रिकामी जागा ठेवते. दुसरी एकाच माणसाची आहे आणि तिच्यात इतरांनी आपला हात बसवायचा आहे. मार्च २०१९ मध्ये नझरबायेव पायउतार झाले, राजधानीला त्यांचे नाव दिले गेले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते काढूनही घेतले गेले. त्याच वर्षी जानेवारीत इंधनाच्या दरवाढीवरून पेटलेल्या आंदोलनात आणि त्याच्या दडपणुकीत सरकारी आकड्यानुसार २३८ माणसे मृत्युमुखी पडली. सरकारी नवोन्मेषाला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तोच असंतुष्ट मृतांची नवी रांग उभी राहिली.

येलेना आणि विक्टर वोरोब्योव या दांपत्याने २००२ ते २००५ या काळात ‘कझाकस्तान. नीलपर्व’ ही छायाचित्रमालिका केली. स्वातंत्र्यानंतर देशभर कुंपणे, दारे, दुकाने, बाके, कबरींचे कठडे हे सारे निळ्या रंगात रंगलेले त्यांना दिसले. निळा हा तेंग्रीच्या आकाशाचा रंग आणि १९९२ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजाचाही. पूर्वी जेथे लाल होता तेथे आता निळा आला. लोकांनी तो श्रद्धेने लावला, की देशाभिमानाने, की बाजारात तोच डबा मिळाला म्हणून, हे ती छायाचित्रे सांगत नाहीत. हे मौन महत्त्वाचे आहे. पवित्र आणि सरकारी यांच्यातली रेघ किती पुसट असते, हे त्याहून चांगल्या रीतीने दाखवणे अवघड आहे.

दुसरा धोका परदेशी बाजाराचा. युरोप-अमेरिकेतील रसिकाला मध्य आशियातून घोडा, लांडगा, यर्ट आणि मंत्र म्हणणारा बक्सी हवा असतो. मागणी तसा पुरवठा हा नियम कलेलाही लागू पडतो आणि परंपरेचे तुकडे परदेशी दालनांसाठी खपाऊ माल होऊ शकतात. येर्बोसिन मेल्दिबेकोव यांनी या मागणीला चांगलेच खिजवले आहे. ठोकून ठोकून चेपलेल्या साध्या एनॅमलच्या भांड्यांतून त्यांनी ‘कम्युनिझम शिखर’ आणि ‘लेनिन शिखर’ यांसारखे डोंगर घडवले. सत्तेने ज्यांची नावे वारंवार बदलली, ती शिखरे मूळची केवळ दगडाचीच होती, हे त्यांनी स्वयंपाकघरातल्या पातेल्यातून दाखवून दिले. अताबेकोव यांच्या ‘स्तेपचे लांडगे’ या छायाचित्रांत पारंपरिक घोडेखेळाच्या स्वारांच्या अंगावर परदेशी कंपन्यांची नावे झळकताना दिसतात. भटक्या वीराची भोळी प्रतिमा घेऊन येणाऱ्या प्रेक्षकाला या कृती रिक्तहस्ते परत पाठवतात आणि तेच योग्य आहे.

शोध चालू राहावा

या साऱ्यानंतर व्हेनिसच्या त्या दालनाकडे पुन्हा पाहिले, तर त्याचे बल आणि त्याची उणीव दोन्ही कळून येतात. त्यात मास्लोव यांचे ‘बैकानूर-२’ हे मांडणशिल्प होते. १९५२ ते २००२ असे अल्प आयुष्य लाभलेल्या या विक्षिप्त आणि प्रतिभावान कलावंताने भटक्यांचे घर आणि अंतराळयान यांची सांगड घातली: घर बरोबर घेऊनच जो प्रवास करतो, त्याला तारेही परके नाहीत. मास्लोव रशियन वंशाचे, वोरोब्योव दांपत्यही तसेच. हद्दपार झालेले, कैदी म्हणून आणलेले, नशीब काढायला आलेले अशा अनेकांच्या वंशजांनी मिळून ही कला घडवली आहे. जेरुयिक एकाच वंशाच्या मालकीचा नाही, हे या दालनाने न बोलता सांगितले. हे त्याचे बल. उणीव ही, की स्वप्नभूमीच्या या मोहक चित्रात, तिच्या नावाखाली जे गाडले गेले त्यांना पुरेशी जागा मिळाली नाही. असानच्या कथेचा गाभा त्याच्या दुःखात आहे. ते दुःख वगळले, तर उरतो तो फक्त सुंदर प्रवास.

अल्माटीत सप्टेंबर २०२५ मध्ये दोन मोठ्या कलासंस्था सुरू झाल्या. एक खासगी पुढाकाराने उभारलेले कलासंग्रहालय आणि दुसरे ‘त्सेलिन्नी’ हे समकालीन संस्कृतीचे केंद्र. ‘त्सेलिन्नी’ हे नाव १९६४ च्या एका सोव्हिएत चित्रपटगृहाचे आणि त्याहून आधी पडीक जमिनीच्या त्या मोहिमेचे. आजवर स्वतःच्या देशात कायमचे छप्पर नसलेल्या कलेला आता घर मिळाले आहे. त्या घरात ज्या कृती मांडल्या जातील, त्यांच्यासाठी कसोटी उघड आहे. ज्या कलाकृतीत गेलेल्यांसाठी रिकामी जागा राखलेली असेल, ती कझाक परंपरेच्या अर्थाने आध्यात्मिक म्हणावी, मग ती नमद्याची असो वा प्लास्टिकच्या पिशव्यांची. जिच्यात ही जागा आधीच ध्वजाने, नेत्याच्या ठशाने किंवा पर्यटकाच्या कुतूहलाने भरून टाकलेली असेल, तिला दुसरे काही नाव द्यावे. शासनाने करावयाचे काम यापेक्षा सोपे आहे: दुष्काळ, छावण्या आणि जानेवारी २०२२ यांची दप्तरे संशोधकांना आणि कलावंतांना मोकळेपणाने पाहू द्यावीत. मृतांची नावे कळल्याखेरीज त्यांच्यासाठी पोळ्या तळता येत नाहीत.